पाटीखालची भोकं

बेटावर बोट आठवड्यातून दोनदा येते
आणि मॅनेजर, सरासरी काढली तर, चौदा महिन्यांतून एकदा.
मी व्हर्ना टिझर्ड. खिडकीमागची.
बावीस वर्षं फोन उचलते, फायली काढते,
रक्त बघून कोणाला भोवळ येते ते लक्षात ठेवते.

ऑफिसच्या दारावर नावाची पाटी, दोन स्क्रूंची.
एकाची पाटी लांब, एकीची आखूड,
भोकं दर वेळी नव्या जागी.
किड्यांनी पोखरलेल्या जुन्या धक्क्याच्या फळीसारखं
दिसतं ते दार आता.

कोलफर्डनं फायलींना रंगीत पट्ट्या लावल्या:
मधुमेह पिवळा, रक्तदाब लाल.
फिलिपानं पट्ट्या सोलून काढल्या, गोंद राहिला.
अजून एखादी फाइल ओढताना
बोटाला कोलफर्ड चिकटतो.
तिसऱ्याचं नाव आठवत नाही.
नोव्हेंबरात आला, खाडी गोठायच्या आत गेला.

पहिल्या सोमवारी प्रत्येकानं मला आत बोलावलं,
दार लावलं, नवी वही उघडली:
'व्हर्ना, एकच गोष्ट बदलायची, तर कोणती?'
मी म्हटलं, दोन नंबरच्या खोलीतला नळ गळतो.
लिहून घेतलं सगळ्यांनी.
अक्षरं सगळ्यांची छान होती.

दर गुरुवारी अॅम्ब्रोज कीपिंग येतो, पायाची जखम घेऊन.
'आता कोण?' विचारतो,
उद्या वारा कुठला, असं विचारावं तसं.
मी नाव सांगते. तो मान हलवतो,
पाठ करायच्या फंदात पडत नाही.
त्याची जखम चार मॅनेजरांहून थोरली.
मलमपट्टीचं कंत्राट तीनदा बदललं,
जखमेला कोणी कळवलं नाही.

मग ओबिना एझेउडू.
मार्चमध्ये पातळ बुटांनी बोटीतून उतरला,
पहिल्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून
कॉडच्या जिभा कापायला शिकला.
वादळात नर्स पलीकडे अडकली तेव्हा
हाच गेला अॅम्ब्रोजकडे, कमरेएवढ्या बर्फातून, पट्ट्यांची पिशवी छातीशी धरून.
गळत्या नळाखाली बादली ठेवणारा पहिला माणूस तो.
बाकीच्यांनी नुसती वही ठेवली होती.

अकरा महिने.
बायको शहरात, मूल तीन महिन्यांचं,
वर विभागांचं विलीनीकरण.
फसवलं नाही त्यानं कोणाला.
मॅनेजरांना निरोप द्यायला मी धक्क्यावर जात नाही,
त्या दिवशी गेले. हात मात्र खिशातच ठेवले.

सोमवारी मेल आला:
'पुढील व्यवस्था होईपर्यंत प्रभारी, व्ही. टिझर्ड.'
पगार तोच. किल्ली एक जास्त.

खणात सहा वह्या होत्या.
कोणी नेल्याच नव्हत्या, पहिल्या पानापुढे गेलेली एकच.
कोलफर्डच्या वहीत नळासमोर तीन उद्गारचिन्हं.
फिलिपाच्या वहीत 'तातडीचे', खाली दुहेरी रेघ.
ओबिनाच्या वहीत, शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं:
'वॉशर, अर्धा इंच. पाना व्हर्नाच्या नवऱ्याकडे आहे.
मी विचारायला हवं होतं.'

मी खुर्चीत बसले. ती खुर्ची, जिच्यात कधी बसले नव्हते.
गॉर्डचा पाना लग्नाच्या आधीपासून आमच्या पडवीत टांगलेला.
सहा जणांना मी नळ सांगितला.
पाना एकालाही सांगितला नाही.
कोणाची परीक्षा घेत होते मी, बावीस वर्षं?

गुरुवार. बाहीपर्यंत ओली, गुडघ्यांवर,
नळाची शेवटची आट आवळते आहे,
तोच मागे काठी वाजली.
'आता कोण?'
'पाय वर घे, अॅम्ब्रोज.'

खोली इतकी शांत होती
की चिकटलेली पट्टी सुटताना
तिचा आवाज ऐकू आला.